मीटर रूम वर उचलून देणाऱ्यांचा रिव्ह्यू, पाचपैकी साडेतीन स्टार

आधीच सांगते, नाव लिहिणार नाहीये. अर्धं कौतुक आहे आणि अर्धी तक्रार, आणि माणूस तसा चांगला आहे, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको. सिंहगड रोड भागात काम करणारी छोटी पार्टी आहे, मालक स्वतः इलेक्ट्रिशियन, हाताखाली चार पोरं, आणि सोसायट्यांची पावसाळ्याआधीची कामं करतात, म्हणजे मीटर रूम वर घेणं, जनरेटर ओट्यावर चढवणं, पाण्याच्या टाकीचं तोंड उंच करणं, ड्रेनेज उलटं येऊ नये म्हणून व्हॉल्व्ह टाकणं असलं सगळं. आमची ४८ फ्लॅटची सोसायटी, नदीपासून चालत सात मिनिटं, मी खजिनदार, त्यामुळे चेकवर सही माझी आणि शिव्याही मलाच.

हे काम का काढलं ते पुणेकरांना सांगायची गरज नाही तरी सांगते. २५ जुलै २०२४. आदल्या दिवसापासून नुसता ओतत होता, शिवाजीनगरला २४ तासांत ११४ मिलिमीटर, घाटावर त्याहून जास्त. आता आपल्या चार धरणांचं गणित असं की पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला मिळून २९ टीएमसीच्या आसपास (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट पाणी), आणि त्यातलं सगळ्यात खालचं खडकवासला जेमतेम दोन टीएमसीचं. वरची पातेली उतू गेली की ही वाटी भरायला किती वेळ लागणार. मग मुठा नदीत ३५ हजार क्युसेकच्या वर पाणी सोडलं. क्युसेक म्हटलं की आपण मान डोलावतो, पण एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर, म्हणजे ३५ हजार क्युसेकला दर सेकंदाला दहा हजार लिटरचे जवळजवळ शंभर टँकर. हे मी नंतर कॅल्क्युलेटरवर करून बघितलं आणि परत एकदा करून बघितलं, विश्वासच बसेना.

पार्किंगमध्ये कंबरेपर्यंत पाणी. पण पाण्यापेक्षा त्यानंतर जे झालं ना ते लक्षात राहिलंय. लाइट गेली, बरोबरच होतं ते, कारण त्याच पहाटे डेक्कनला पुलाची वाडीत हातगाडी हलवताना शॉक लागून तीन जण गेले, त्यामुळे लाइट का घालवली असं कोणी म्हणू नये. पण लाइट गेली म्हणून पंप गेला, पंप गेला म्हणून वरची टाकी दुपारी बारापर्यंत संपली, लिफ्ट तळाला उभी होती ती पाण्यात गेली, जनरेटर अर्ध्या फुटाच्या ओट्यावर होता तो आधीच बुडाला होता, जमिनीखालच्या टाकीचं झाकण पार्किंगच्या लेव्हलला म्हणून त्यात नदीचं, गटाराचं, डिझेलचं सगळं मिक्स झालं. संध्याकाळी मोबाइलची रेंज गेली, बहुतेक टॉवरच्या बॅटऱ्या संपल्या. रेंज नाही म्हणून यूपीआय नाही, आणि माझ्या पर्समध्ये कॅश होती सत्तर रुपये. पाण्याचा जार आणायला गेले तर तो म्हणे कॅशच पाहिजे.

सातव्या मजल्यावरच्या काकूंना ऑक्सिजनचं मशीन लागतं. घरचा इन्व्हर्टर १५० एएचचा, तो चार तास जेमतेम चालला. मग आमच्या पोरांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून सात मजले उतरवलं आणि तशीच खुर्ची उचलून पाण्यातून रस्त्यापर्यंत नेली, तिथून कोथरूडला त्यांच्या भाच्याकडे. काकू खुर्चीत बसून सगळ्यांना सूचना देत होत्या, डावीकडे खड्डा आहे रे, तिथे चेंबर आहे रे. त्या दिवशी आम्हाला पहिल्यांदा कळलं की लाइट, पाणी, लिफ्ट, फोन ही चार वेगळी बिलं असली तरी दोरी एकच आहे आणि त्या दोरीची गाठ पार्किंगमध्ये दोन फुटांवर मारलेली आहे. मीटर पॅनेलचा खालचा पत्रा बरोब्बर दोन फुटांवर होता. चार दिवस लाइट नव्हती.

मग कोटेशनं मागवली. एकाने लॅपटॉप उघडून चाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन दिलं, त्यात हवामान बदल, लवचीकता, भागधारक असलं सगळं, आणि शेवटी फी बघून चेअरमन साहेबांनी चहा पण नको म्हणून सांगितलं. दुसऱ्याचं कोटेशन म्हणजे नुसते वॉटरप्रूफ डबे, म्हणे पॅनेल आहे तिथेच ठेवा, डबा सील करतो. आणि तिसरे हे आमचे. हे आले ते खडूचा तुकडा आणि गवंड्यांची ती पारदर्शक लेव्हल पाइप घेऊन. पहिला प्रश्न, ताई चिखलाची रेघ कुठे राहिलीय का? म्हटलं रंग दिला की आम्ही. मग ते वॉचमनच्या खोलीत गेले, तिथल्या जुन्या कपाटामागे भिंतीवर रेघ होती ती शोधली, आणि तिथून लेव्हल पाइपने प्रत्येक पिलरवर ती रेघ आणली. साडेतीन फूट. त्याच्यावर दोन फूट मोजून दुसरी रेघ मारली, म्हणाले ह्याच्या खाली करंट असलेलं काही राहणार नाही. चेअरमन म्हणाले, दोन फूट जास्त कशाला, खर्च वाढतो. तर म्हणे, साहेब, पाणी मागच्या वर्षीचं वाचून येत नाही. काम तिथेच मिळालं त्यांना.

आणि ते बरोबरच होतं. पाटबंधारेवाल्यांची निळी रेषा असते ती २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची, आणि आपण फ्लॅट घेताना दोन्ही विचारत नाही, व्हिट्रिफाइड टाइल्स विचारतो. पण ही २५ आणि १०० वर्षं काढतात जुन्या पावसाच्या हिशोबावर, आणि पाऊसच बदललाय. आपल्याच पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलंय की १९५० ते २०१५ मध्ये मध्य भारतात मोठ्या भागावर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिप्पट झाल्या. हवा एक डिग्रीने तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरून ठेवते, आणि मग एकदाच काय ते रितं करते. माझ्या सासूबाई पानशेतच्या पुराच्या, म्हणजे १२ जुलै १९६१ च्या, आठवणी सांगतात, शनिवारात वाड्याच्या पहिल्या मजल्याला पाणी लागलं होतं म्हणून, आम्ही ते गोष्ट म्हणून ऐकायचो. धरण फुटलं होतं ना, आता काय फुटणार, असं वाटायचं. २०१९ ला आंबिल ओढ्याला काही फुटलं नव्हतं, एका रात्रीचा पाऊस होता, आणि शहर-जिल्ह्यात मिळून वीसहून जास्त माणसं गेली. गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच ती, २३ सप्टेंबर २०१९ ला आपल्या देशाने न्यूयॉर्कला आपत्तीत टिकणाऱ्या पायाभूत सुविधांसाठी आंतरराष्ट्रीय आघाडी जाहीर केली, सीडीआरआय, आणि २५ तारखेच्या रात्री त्याच ओढ्याकाठी अरण्येश्वरला गाड्या एकावर एक चढल्या होत्या.

असो, कामावर येते.

काय चांगलं केलं ते आधी. मीटर पॅनेल साडेपाच फुटांवर नेलं, खाली लोखंडी अँगलचा प्लॅटफॉर्म आणि चार पायऱ्या, म्हणजे रीडिंगवाल्याला टाचा वर करायला लागत नाहीत. मीटर आपण हलवायचे नसतात हे आपल्याकडे कोणाला माहीत नसतं, सील वीज कंपनीचं असतं, अर्ज करा, परवानगी घ्या, त्यांची माणसं येणार, एक दिवस पूर्ण शटडाउन. ही सगळी कागदपत्रं ह्यांनीच केली, मला फक्त सह्या आणि सोसायटीचा ठराव द्यावा लागला. खालून येणारी मेन केबल तशीच ठेवली, मी घाबरून विचारलं ही पाण्यात राहणार का, तर म्हणाले ताई केबलला पाण्याचं वावडं नाही, जॉइंटला आहे. सगळे जॉइंट रेघेच्या वर घेतले. हे वाक्य मी त्यानंतर दहा जणांना ऐकवलंय.

दुसरी गोष्ट, जी मला सगळ्यात आवडली आणि जिला खर्च जवळजवळ काहीच नाही. पार्किंगचे दिवे, गेट, गाड्या धुवायचा प्लग, हे आधी सगळं कॉमन लाइनवर होतं, म्हणजे लिफ्ट आणि पंपाच्याच डीबीवर, स्विचच्या मुख्य डब्यावर. खाली कुठे पाणी लागलं की सगळंच ट्रिप. ह्यांनी पार्किंगची लाइन वेगळी केली, तिला ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप पडणारा स्विच, लावला. पार्किंग मेलं तरी बिल्डिंग जगली पाहिजे, असं त्यांच्या शब्दात. काम झाल्यावर प्रत्येक लाइनला मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, मारून रीडिंग कागदावर लिहून दिलं, पार्किंगची एक जुनी वायर एक मेगाओहमच्या खाली आली ती स्वतःहून बदलली, जास्तीचे पैसे नाही मागितले.

टाकीचं पण नीट. जमिनीखालच्या टाकीच्या तोंडाभोवती रेघेच्या वरपर्यंत काँक्रीटची कॉलर, वर रबराच्या गॅस्केटचं झाकण, हवेचा पाइप त्याच्याही वर नेऊन उलटा वळवला आणि तोंडाला जाळी. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीकडे जीबीएसची, म्हणजे नसांवर येणाऱ्या त्या आजाराची, साथ आली आणि पाण्यावर संशय गेला, त्यानंतर ह्या कामाला सोसायटीत एकाचाही विरोध झाला नाही. त्याआधी दोन मीटिंगा ह्याच विषयावर भांडून फुटल्या होत्या. दिसायला मात्र पार्किंगच्या मधोमध समाधी बांधल्यासारखं दिसतं, आणि एक गाडी कमी बसते. कुणाची गाडी, यावर वेगळा लेख होईल.

आता तक्रारी.

पहिली, वेळ. मार्चमध्ये ॲडव्हान्स घेतला, म्हणाले मृगाच्या आत करून देतो. मृग साधारण ७ जूनला. पण २०२५ चा पाऊस आठवतोय ना, मे महिन्यातच धो धो, आणि २६ मे ला मान्सून पुण्यात पोचल्याचं जाहीर पण झालं. मृग राहिलं बाजूला, रोहिणीतच धुऊन काढलं. आणि आमचं नवीन पॅनेल ताडपत्रीखाली उघडं. ह्यांचा फोन बंद. का, तर तशा अजून तीन सोसायट्या ताडपत्रीखाली होत्या. चार पोरांत एका वेळी चार साइट घेतल्या की हे होणारच. बरं, हवामान बदलतंय म्हणून ज्यांचा धंदा चालतो त्यांनी तरी कॅलेंडर पंचांगावर ठेवू नये, नाही का. जूनच्या २१ तारखेला काम संपलं.

दुसरी, आणि ही जास्त गंभीर. जनरेटर साडेपाच फुटांच्या ओट्यावर चढवला, क्रेन आणली, नारळ फोडला, पेढे वाटले. तिसऱ्या मजल्यावरचे काका, आयुष्यभर कारखान्यात मेंटेनन्सला होते, ते पेढा खाता खाता म्हणाले, अहो पण चेंजओव्हर पॅनेल खालीच आहे की. बघतो तर काय, ज्या डब्यातून जनरेटरची लाइट बिल्डिंगला जाते तो डबा जुन्याच जागी, दीड फुटावर. म्हणजे पुरात वर जनरेटर मस्त धडधडणार आणि खाली डबा पाण्यात. ही चूक फक्त आपल्याकडे होते असं नाही. २०१२ मध्ये न्यूयॉर्कला सँडी वादळ आलं तेव्हा तिथल्या बेलव्ह्यू हॉस्पिटलचे जनरेटर तेराव्या मजल्यावर सुरक्षित होते आणि त्यांना डिझेल चढवणारे पंप होते तळघरात. तळघर भरलं, पंप बंद, आणि हॉस्पिटलच्या लोकांनी हातोहात जिन्याने डिझेल वर पोचवलं. काकांनी खालच्या डब्याचं सांगितलं तेव्हा कॉन्ट्रॅक्टर दादा कान पकडून हसले आणि आठ दिवसांत डबा वर घेतला, पण केबल वाढली म्हणून अकरा हजार जास्त लावले. मी निम्मे दिले. चूक तुमची, केबल आमची, अर्धं अर्धं.

तिसरी म्हणजे ड्रेनेजचा व्हॉल्व्ह. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह, रस्त्याच्या गटारातलं पाणी भरलं की आपल्या चेंबरमधून उलटं उसळतं ते अडवायला. बसवला चांगला. पण तो दर महिन्याला उघडून साफ करावा लागतो हे कोणी सांगितलंच नाही, आणि जुलैच्या पहिल्या मोठ्या सरीत झडपेत काहीतरी अडकून ती उघडीच राहिली. काय अडकलं होतं ते लिहीत नाही, जेवायची वेळ असेल. सांगायचा मुद्दा, वस्तू बसवून देणं आणि ती चालवायला शिकवणं ही दोन कामं आहेत आणि दुसऱ्याचं बिल कोणीच लावत नाही. आता वॉचमन दादांना दर महिन्याच्या एक तारखेला तीनशे रुपये वेगळे देतो त्यासाठी.

खरी परीक्षा ऑगस्टमध्ये झाली. धरणातून परत मोठा विसर्ग, आमच्याकडे या वेळी दोन फूट पाणी. वॉचमन दादांनी लिफ्ट आधीच दुसऱ्या मजल्यावर नेऊन बंद केली, हे कागदावर लिहून गेटवर चिकटवलेलं होतं म्हणून. पाणी पार्किंगच्या प्लगपर्यंत आलं तसा खटकन आरसीसीबी पडला, खाली अंधार, आणि वर सगळे पंखे चालू. मी जिन्यात उभी होते, तो खटका ऐकला आणि खरं सांगते कामाचे सगळे सहा लाख चाळीस हजार वसूल झाल्यासारखं वाटलं. तरी कोणी पाण्यात उतरायच्या आधीच सगळ्यांना दोनदा ओरडून सांगितलं, उतरू नका म्हणून, खटका पडला म्हणजे पाणी सेफ झालं असं समजायचं नसतं.

तीन तासांनी मात्र सगळीच लाइट गेली. कारण रस्त्यावरचा तो फीडरचा डबा, तो आहे तिथेच आहे, फुटपाथच्या लेव्हलला, त्यात पाणी जायला लागलं की मागूनच बंद करावं लागतं. म्हणजे आम्ही आमच्या गेटच्या आत सगळं साडेपाच फुटांवर नेलं आणि गेटच्या बाहेर अर्ध्या फुटावर. जनरेटरवर सहा तास काढले, पंप चालला, वरच्या टाकीत पाणी होतं, काकूंचं मशीन चालू होतं, त्या कोथरूडला जायची बॅग भरून बसल्या होत्या, ती उघडावी लागली नाही. पण सहाच तास म्हणून, चार दिवस असते तर डिझेल कुठून आणणार होतो, पंपाकडे जायचा रस्ताच पाण्यात होता. २०१९ ला कोल्हापूरकरांनी हेच भोगलं, सबस्टेशन पाण्यात, पाणी उपसायची केंद्रं पाण्यात, सगळीकडे पाणी आणि नळ कोरडे. एका सोसायटीने उंच होऊन तिथे काही होत नाही, रस्त्यावरचे डबे, डीपी, पाण्याचे पंप, टॉवर हे सगळं एका रेघेवर यायला हवं आणि ती रेघ कोणीतरी शहरभर लेव्हल पाइप धरून मारायला हवी. आणि ज्यांच्याकडे जनरेटर सोडा, दुसरा मजलाच नाही, नदीकाठच्या त्या वस्त्यांचं काय, तिथे आमच्यासारखे घरटी तेरा हजार कोण काढणार.

हो, आणि नेट गेलं. फायबरवाल्याचा तो छोटा पांढरा डबा पार्किंगच्या भिंतीवर दोन फुटांवर होता, तो ना आम्हाला दिसला, ना कॉन्ट्रॅक्टर दादांना, ना कारखान्यातल्या काकांना. ४८ फ्लॅटमध्ये लाइट आहे आणि एकाचंही वर्क फ्रॉम होम नाही. दोन दिवस पोरांनी पत्ते खेळले.

ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी खर्च सांगून टाकते. सगळं मिळून सहा लाख चाळीस हजार, फ्लॅटमागे तेरा हजार तीनशे आणि वर काही रुपये. त्यातला सगळ्यात मोठा भाग मीटर पॅनेल आणि केबल, मग जनरेटरचा ओटा आणि क्रेन, टाकीची कॉलर आणि व्हॉल्व्ह त्यामानाने किरकोळ. पैसे कमी असतील तर आधी पार्किंगची लाइन वेगळी करा आणि टाकीचं तोंड वर घ्या, बाकीचं पुढच्या वर्षी. फ्लोट स्विच, पाइप, क्लॅम्प असलं सुटं सामान स्वतः तपकीर गल्लीतून किंवा बोहरी आळीतून आणलंत तर फरक पडतो, आम्ही अर्धं तसंच आणलं, पण मग वॉरंटीवरून नंतर तुमचं सामान, आमचं काम असली टोलवाटोलवी होते, ती सहन करायची तयारी ठेवा. आणि कोटेशनमध्ये एक ओळ लिहून घ्याच, रेघेखाली करंट असलेली एकही वस्तू राहणार नाही, चेंजओव्हर आणि नेटच्या डब्यासकट. आम्ही नव्हती लिहून घेतली.

साडेतीन स्टार. एक कापला ताडपत्रीसाठी, अर्धा चेंजओव्हरसाठी. लिफ्टच्या खड्ड्यातला पंप अजून बसवायचा राहिलाय, त्यासाठी चाळीस हजार मी अडवून ठेवलेत. काल फोन केला तर म्हणाले ताई दिवाळीनंतर नक्की. म्हटलं दादा, कोणत्या वर्षीच्या, तर हसले आणि म्हणाले रेंज नाहीये, नंतर बोलतो.